प्रतिकृती एंजिनांचे अंकीय नियंत्रण

रुळांतून विद्युत् शक्तीबरोबरच सांकेतिक आज्ञा पाठवून एकाच मार्गावरील अनेक लहान एंजिने स्वतंत्रपणे चालविण्याच्या पद्धतीस अंकीय नियंत्रण म्हणतात. आज्ञेचा उलगडा करून चलित्र व दिवे यांना प्रवाह पुरविणारे एंजिनातील इलेक्ट्रॉनीय साधन म्हणजे डीकोडर होय. जुन्या एंजिनात हे साधन बसविताना उद्‌भवणारे बहुतेक दोष या छंदाच्या इतिहासातूनच आलेले आहेत.

जर्मनीतील मेर्क्लिन या संस्थेने १८९१ मध्ये लाइपसिकच्या जत्रेत ठराविक मापांच्या रुळांवरील खेळण्यातल्या आगगाड्या मांडल्या व मापांच्या प्रमाणीकरणास चालना मिळाली. पुढे एचओ हे माप (प्रमाण १:८७, रुळांतील अंतर १६.५ मिमी.) विशेष रूढ झाले. दोन रुळांच्या नेहमीच्या पद्धतीत सु. १२ व्होल्टपर्यंत एकदिश दाब वापरीत. दाब वाढविला की वेग वाढे व ध्रुव बदलले की दिशा बदले. तथापि एका विभागात दोन एंजिने असल्यास दोन्ही एकदम चालत. त्यामुळे मार्गाचे निरोधित विभाग पाडून प्रत्येकास वेगळा स्विच द्यावा लागे.

ही अडचण दूर करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ‘ॲस्ट्रॅक’ या पद्धतीने केला. तीत पाच एंजिने स्वतंत्रपणे चालविता येत. ब्रिटनमधील हॉर्नबीने १९७९ मध्ये सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेली ‘झीरो-१’ पद्धत आणली. या पद्धती परस्परांशी जुळत नसत. जर्मनीतील लेन्ट्‌स इलेक्ट्रॉनिक या संस्थेने तयार केलेले अंकीय डीकोडर १९८९ मध्ये आर्नोल्ट या उत्पादकासाठी बाजारात आले. त्याच कल्पनेच्या आधारे अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन (स्थापना १९३५) या संघटनेने १९९० नंतरच्या दशकात ‘डीसीसी’ ही मानके स्वीकारली. परिणामी एका उत्पादकाचा डीकोडर दुसऱ्याच्या नियंत्रकावर चालू लागला.

डीसीसी पद्धतीत रुळांवरील दाबाचे ध्रुव सतत उलटसुलट होतात. प्रत्येक अर्धा भाग सु. ५८ मायक्रोसेकंद टिकल्यास १ आणि सु. १०० वा अधिक मायक्रोसेकंद टिकल्यास ० असा अंक समजला जातो. अशा अंकांच्या मालिकेत एंजिनाचा पत्ता व आज्ञा असते. पत्ता जुळल्यासच डीकोडर आज्ञा पाळतो. नव्या डीकोडरचा पत्ता सामान्यतः ३ असतो.

जुन्या एकदिश प्रवाहाच्या कित्येक एंजिनांत चलित्राचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला व सांगाडा एका बाजूच्या चाकांना जोडलेला असे. त्या काळी ही रचना स्वस्त व सोयीची होती. डीकोडरला मात्र ती घातक ठरते. कारण रुळावरील प्रवाह डीकोडरच्या निर्गम बाजूस उलटा शिरतो आणि साधन क्षणात जळते. म्हणून तारा जोडण्यापूर्वी चलित्राचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून व चाकांपासून पूर्णपणे निरोधित आहेत की नाहीत, हे बहुमापकाने तपासणे ही पहिली पायरी होय. चलित्र रोखून धरले असता त्यातून वाहणारा प्रवाह डीकोडरच्या कमाल क्षमतेपेक्षा कमी असावा लागतो.

तारांचे रंग ठरलेले आहेत. तांबडी व काळी तार रुळांकडे, नारिंगी व करडी चलित्राकडे, पांढरी व पिवळी दिव्यांकडे जाते. निळी ही दिव्यांची सामाईक धन तार असते. एंजिन उलट्या दिशेने धावल्यास नारिंगी व करडी या तारांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव असतो. एंजिन चालते, पण एकही दिवा लागत नाही, अशा वेळी निळी तार प्रथम पाहतात. पत्ता नोंदविण्याच्या स्वतंत्र रुळावर डीकोडर चलित्राला क्षणिक प्रवाह देऊन ‘आज्ञा पोचली’ असे कळवितो. हा प्रतिसाद न आल्यास चाके मळलेली आहेत की चलित्राची तार सुटली आहे, हे पाहावे लागते. चालताना एंजिन मधूनमधून थबकणे हाही बहुधा मळलेल्या रुळांचा परिणाम असतो. त्यावर धारित्र जोडून काही अंशी मात करता येते.

महाराष्ट्रात या छंदाचे सार्वजनिक दर्शन पुण्यातील कोथरूड भागातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात घडते. भाऊसाहेब जोशी यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. त्यातील गाड्या १:८७ या प्रमाणाच्या आहेत.

भारतीय रेल्वेची प्रतिकृती करताना मापाचा वेगळाच प्रश्न पडतो. १६.५ मिमी. अंतर हे १,४३५ मिमी. मापाशी जुळते, भारतीय रुंदमापी मार्गाचे अंतर मात्र १,६७६ मिमी. असल्याने त्याच प्रमाणात ते सु. १९.३ मिमी. व्हावयास हवे. मीटरमापी मार्गासाठी १२ मिमी. रूळ जवळचे ठरतात. हिंगोली जिल्ह्यातून जाणारा पूर्णा-अकोला मार्ग मूळचा मीटरमापीच होता. त्यातील पूर्णा-हिंगोली हा भाग निजामाच्या राजवटीत १९१२ मध्ये झाला आणि २००८ च्या सुमारास पूर्णा-अकोला मार्ग रुंदमापी करण्यात आला. अशा मार्गावरील जुन्या गाडीची १:८७ प्रमाणातील प्रतिकृती करावयाची, तर बारीक रुळांवरील अरुंद एंजिनात चलित्र, डीकोडर व निरोधन या सर्वांना जागा काढावी लागते. मूळ मार्ग पाहता येत नसल्याने मापांची अचूकता जुनी छायाचित्रे व आराखडे यांवरच अवलंबून राहते.