कृष्णदास शामाची पोथी व ब्रागाचे ग्रंथालय

जुनी पोथी रेशमी वस्त्रात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवावी, ही आपल्या घराण्यांची परंपरा. गोमंतकातील एका पोथीच्या नशिबी मात्र सातासमुद्रापलीकडचा वास आला. तिचा वृत्तांत कोरगावच्या श्री देव कमळेश्वराच्या महाजनांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

साष्टीतील केळशी गावच्या कृष्णदास शामा या कवीने शके १४४८ मध्ये, म्हणजे इ. स. १५२६ साली, ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचावयास घेतली. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधावर आधारलेला हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ होय. त्या वेळी साष्टी आदिलशाही अमलाखाली होती.

१५४३ साली साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १५६७ साली तेथील देवालयांचा विध्वंस झाला. केळशीच्या श्री शांतादुर्गेस भक्तांनी अंत्रुज महालातील कवळे येथे नेले. देवांना असा आश्रय लाभला. ग्रंथांची गत निराळी झाली. हिंदूंचे धर्मग्रंथ जप्त होऊ लागले. १५५९ च्या सुमाराच्या जेझुइट पत्रांत एका ब्राह्मणाच्या घरातून ग्रंथ हस्तगत केल्याचा व बाटलेल्या विद्वानाकडून पुराणांचे भाषांतर करवून घेतल्याचा उल्लेख आढळतो. हिंदूंच्या मताचे खंडन करावयाचे तर आधी त्यांच्या कथा समजल्या पाहिजेत, हा त्यामागील हेतू. याच निकडीतून रामायण, महाभारत व कृष्णकथा रोमन लिपीत उतरविल्या गेल्या. ज्यांनी मूळ पोथ्या नाहीशा केल्या, त्यांच्याच संग्रहात त्यांच्या नकला टिकल्या, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

१७५९ साली जेझुइटांची गोव्यातून हकालपट्टी झाली. पुढे १८३४ साली खुद्द पोर्तुगालातील धर्मसंघ बरखास्त झाले. उत्तर पोर्तुगालातील ब्रागा शहरी १८४१ साली सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले व बंद पडलेल्या मठांची ग्रंथसंपदा तेथे जमा झाली. याच ग्रंथालयात गोमंतकीय कथांची ही रोमन लिपीतील हस्तलिखिते आज जतन केलेली आहेत आणि त्यांतच कृष्णदासाची कृती आहे. मारियानु साल्ढाणा, डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर व प्रा. अ. का. प्रियोळकर यांसारख्या संशोधकांच्या परिश्रमांमुळे या ठेव्याचा आपल्याला परिचय झाला. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. आज त्याला कृष्णदास शामाचेच नाव आहे. त्याच्या काव्याचे जुने हस्तलिखित मात्र ब्रागात आहे.

आपला पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होता. साष्टीवर सोळाव्या शतकात कोसळलेला तो प्रलय येथे आला नाही. त्यामुळे नव्या काबिजादीत देवस्थानांची मोडी दप्तरे घरोघरी राहू शकली. १८८६ व १९३३ च्या माझानी कायद्यांनी महाजनांच्या नोंदी व हिशेब यांची लेखी व्यवस्था ठेवणे आवश्यक केले. त्या कागदांचीही आता भर पडली आहे. आपल्या कागदांना जप्तीचे भय उरले नाही. पण वाळवी, पावसाळ्यातील ओल आणि वाटण्यांच्या वेळची हेळसांड हे शत्रू काही कमी नाहीत. मोडी वाचणारी पिढीही विरळ होत चालली आहे.

म्हणून विनंती अशी की, घरातील पोथ्या व दप्तरे जाणकारांस दाखवावीत, त्यांच्या प्रती काढून पणजीच्या ग्रंथालयात अथवा पुराभिलेखागारात द्याव्यात आणि मूळ कागद घरी निगुतीने जपावेत. म्हणजे आपल्या देवाचा वृत्तांत शोधण्यासाठी पुढील पिढ्यांना परदेशी जावे लागणार नाही. ही सुबुद्धी श्री देव कमळेश्वर आपणां सर्वांस देवो.