देवळालीच्या शाळेचं दार

वणीहून एसटीत बसलं की दिंडोरी, मग नाशिक आणि पुढं देवळाली. तिथं बार्न्स हायस्कूल नावाची जुनी इंग्रजी शाळा आहे. १८१५ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीनं ती १९२५ साली सुरू केली. या शाळेच्या दारात १९५४ साली एक तंटा उभा राहिला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांची मायबोली इंग्रजी नाही, त्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेत बसू द्यायचं की नाही, असा तो तंटा. आपल्याच जिल्ह्यातली ही हकिगत आपल्याला फारशी ठाऊक नाही, म्हणून आज ती सांगतो.

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारनं एक परिपत्रक काढलं. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढं फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाच्या नसलेल्या नागरिकांचीच मुलं घ्यायची. बाकीच्यांना दार बंद. एक गुजराती डॉक्टर आपल्या मुलाला घेऊन बार्न्समध्ये गेले. मुलालाही डॉक्टर करायचं होतं. परिपत्रकाकडे बोट दाखवून शाळेला त्यांना परत पाठवावं लागलं. इंग्रजी हीच घरची भाषा असलेल्या एका भारतीय ख्रिस्ती पालकांनाही तोच अनुभव आला, कारण ते अँग्लो-इंडियन नव्हते. मग संस्था आणि पालक मिळून मुंबई उच्च न्यायालयात गेले.

सरकारचा हेतू वाईट होता, असं मी म्हणणार नाही. इंग्रज नुकताच गेला होता. मुलानं आपल्या भाषेत शिकावं, ही मागणी तर त्याहून जुनी. १८४० च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते, तेव्हा नाना शंकरशेठ देशी भाषांच्या बाजूनं ठामपणे उभे राहिले होते. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यकर्त्यांनी नानांची बाजू घेतली. सरकारी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागली. परिपत्रक म्हणजे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल होतं.

पण न्यायालयापुढं प्रश्न हेतूचा नव्हता, हक्काचा होता. राज्यघटनेचं कलम २९ सांगतं की, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणानं कुणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही. शिवाय अँग्लो-इंडियन शाळांना विशेष अनुदान हवं असेल, तर दरवर्षी निदान चाळीस टक्के जागा इतर समाजांना खुल्या ठेवाव्यात, अशी घटनेचीच अट होती. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि न्यायमूर्ती दीक्षित यांनी फेब्रुवारीत परिपत्रक रद्द ठरवलं. सरकार अपिलात गेलं. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम केला. हेतू कितीही चांगला असो, त्या डॉक्टरांच्या मुलाला दार बंद झालं ते भाषेमुळंच, असं न्यायालयानं सांगितलं. आणि हे संरक्षण फक्त अल्पसंख्याकांना नाही, प्रत्येक नागरिकाला आहे, हेही बजावलं.

देवळालीचं दार उघडलं. पण श्रोतेहो, वणीच्या पोराचं काय झालं?

माझे अब्बा त्या वर्षी शाळेत होते. गावातली मुलं तेव्हा सातवीला, म्हणजे फायनलला, शाळा सोडत. इंग्रजी सुरू व्हायची आठवीला. म्हणजे अब्बांची आणि इंग्रजीची गाठ एका इयत्तेनं चुकली. मराठी अक्षर मात्र मोत्यासारखं. पुढं त्यांनी बांगड्यांचा धंदा केला. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगी गडावर दुकान मांडत. एकदा उत्तरेकडून मागवलेली पेटी आली आणि उघडली तर निम्म्या बांगड्यांचा चुरा. भरपाई मागायला गेले, तर मालवाहतूकवाल्यानं पावती पुढं केली. तिच्यावर तीन इंग्रजी शब्द छापलेले होते, अर्थ असा की, माल मालकाच्या जबाबदारीवर. खाली अब्बांची सुबक मराठी सही. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. पण मी पाचवीत गेलो आणि इंग्रजीचं पहिलं पुस्तक घरी आलं, तेव्हा त्याला कव्हर त्यांनी स्वतः घातलं.

आमच्या घरात दखनी, गल्लीत मराठी, सकाळी मदरशात अरबीचे हरफ. इंग्रजी आली ती चौथी. गुरुजी प्रामाणिक होते. धडा वाचायचे, ओळीओळीचा मराठी अर्थ फळ्यावर लिहायचे, आम्ही तो पाठ करायचो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांनी इंग्रजी गिरवली, त्यांना ही रीत ठाऊक असेल. त्यानं वाचता येई, पण बोलता येत नसे. बेटाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यातला ‘एस’ उच्चारायचा नसतो, हे मला नाशिकला बी.ए.च्या वर्गात कळलं, तेही सगळा वर्ग हसल्यावर. गुरुजींचा तरी काय दोष? इंग्रजी बोलणारं माणूस त्यांनी तरी कुठं ऐकलं होतं?

मला इंग्रजी ऐकायला शिकवलं ते रेडिओनं. संध्याकाळी मराठी बातम्या ऐकायच्या आणि रात्री नऊला इंग्रजी. कोण मेलं, कुठं पूर आला, कुठलं सरकार पडलं, हे आधीच मराठीत कळलेलं असायचं. त्यामुळं इंग्रजी शब्द अंधारात चाचपडत यावा लागत नसे. अर्थ आधी घरात येऊन बसलेला, शब्द मागून यायचा.

पुढं वाचताना कळलं की, ही युक्ती जुनीच आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा पानावर दोन रकाने ठेवले होते, एक मराठी आणि एक इंग्रजी. त्या पत्राच्या पहिल्या अंकाची तारीख ६ जानेवारी १८३२. म्हणजे दोन भाषा शेजारी बसल्या तीही ६ जानेवारीला, आणि एकशे बावीस वर्षांनी इंग्रजीच्या दाराला कडी लावली तीही ६ जानेवारीलाच. निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

२००० सालच्या जूनमध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रानं सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. तेव्हा मराठीचं आता कसं होणार, अशी ओरड झाली. मी त्या निर्णयाच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. मराठी शाळेतल्या मुलाला तोवर जे दार पाचवीत उघडत होतं, ते पहिल्याच दिवशी उघडलं. पण दार उघडणं वेगळं आणि बोट धरून आत नेणं वेगळं. दुसरं काम शिक्षकाचं असतं, आणि त्या शिक्षकाच्या कानावर इंग्रजी पडेल, त्याची जीभ वळेल, याची तजवीज नियमानं होत नाही. त्यासाठी वेळ आणि पैसा लागतो.

आमच्या दिंडोरी तालुक्यातली द्राक्षं आज परदेशात जातात. करारनामे, तपासणीचे अहवाल इंग्रजीत येतात. गावातले पालक हे बघतात आणि पोरांना पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी माध्यमात धाडतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, अब्बांची पावती मी पाहिली आहे. एवढंच सांगतो की, इंग्रजी शिकणं आणि मराठी सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५४ च्या सरकारनं त्या एकच मानल्या होत्या आणि आज आपण पालकही तेच करतो आहोत, फक्त उलट बाजूनं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. तिथल्या बाईंना विचारा की, तुम्हाला इंग्रजी शिकवायला कुणी शिकवलं? उत्तर नाही असं आलं, तर भांडण तिथून सुरू करू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)