कणेरीची सहल आणि बलुत्याचा हिशेब

रौप्यमहोत्सवी वर्षाची सहल म्हणून गेल्या जानेवारीत आपण कणेरी मठाला गेलो होतो. सांगलीहून दोन बस, पुरी-भाजीचे डबे आणि कोल्हापूर येईपर्यंत भेंड्या!

तिथल्या सिद्धगिरी म्युझियममध्ये जुने स्वयंपूर्ण खेडे माणसाएवढ्या पुतळ्यांतून उघड्यावर उभे केले आहे. अशा संग्रहालयांची वाट स्वीडनने दाखवली. आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ उघडले, तेव्हा गावोगावची जुनी घरेच तिथे आणून मांडली. कणेरीला घरांपेक्षा माणसे जास्त बोलतात. कुंभार, न्हावी, सुतार, लोहार. नातवंडांना नांगर बघूनच नवल वाटले.

बी विंगमधले आमचे एक मित्र लोहाराच्या भात्यापाशी बराच वेळ उभे होते. त्यांचे आजोबा हेच काम करीत. म्हणाले, “हुबेहूब केलंय हो. फक्त आमचे आजोबा एवढे धडधाकट कधी नव्हते.”

ते वाक्य मनात राहिले. बलुतेदाराने वर्षभर गावाचे काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, ही पद्धत. गाव त्यावर चालले, हे खरे. पण काम आणि जात जन्माने ठरलेली, वाटा मात्र देणाऱ्याच्या हातात. याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने संपवणारा कायदा मुंबई राज्यात व्हायला १९५८ उजाडले.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेडोपाडी बँका गेल्या. मीही अशाच एका शाखेत होतो. एक सुतार कर्ज मागायला आला. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात काय लिहू, विचारले. तो म्हणाला, “सुगीला पाटी-दोन पाटी जोंधळा मिळतो, सायेब. पीक बुडालं की आमचंबी बुडालं.” रकाना भरताना माझे पेन अडले. हत्यारांसाठी पाचशे रुपये मंजूर केले. पुढे त्याने कामाचा रोख दर ठरवला आणि सगळे हप्ते फेडले.

आता आपला हिशेब. आपले जिने झाडणारे मामा आणि वॉचमन यांच्या पगारवाढीचा ठराव पहिली अकरा वर्षे झालाच नाही. दरवर्षी “दिवाळीला बघू” एवढेच. तेव्हा खजिनदार मीच होतो, म्हणजे चूक माझीही.

सहलीच्या दिवशी ते दोघे इथेच आपल्या बंद घरांची राखण करीत होते. पुढच्या सहलीला त्यांच्या कुटुंबांच्या जागा आधी धराव्यात, आणि त्या दिवशीची गेटवरची पाळी आपल्यापैकी दोघा-तिघांनी घ्यावी. माझे नाव आत्ताच लिहून घ्या.