वाड्यातून अटाल्याकडे : धार-देवासची जुनी ध्वनियंत्रे

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. मराठे माळव्यात स्थिरावले त्या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती आकाराला आली. देवासात तर तुकोजीराव व जिवाजीराव या बंधूंमुळे थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. या संस्थानांचा राजकीय इतिहास लिहिला गेला आहे. थोरल्या पातीच्या दरबाराविषयी ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९५३ साली पुस्तकच प्रसिद्ध केले. परंतु इथल्या मराठी घरांतून गाणे कोणत्या यंत्रांवर ऐकले गेले, ती यंत्रे पुढे कोठे गेली आणि आज कोणाला ती हवी असतील तर कोठे शोधावीत, याचा विचार सहसा होत नाही. वास्तविक हाही इतिहासच आहे. फक्त तो दप्तरात नसून माळ्यावर आणि अडगळीत आहे.

कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले आणि हिंदुस्थानात तबकडीचे युग सुरू झाले. प्रारंभी इथले गाणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे तबकड्यांवर उमटून परत येत असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, १९२८ मध्ये डमडमचा. तबकड्या स्वस्त झाल्या, तसे 'फोनो' राजवाड्यातून सरदारांच्या वाड्यात आणि तिथून वकील, कारभारी, मास्तर यांच्या ओसरीवर उतरले. दहा इंची तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे गाणे मावे. तेवढ्यासाठी चावी द्यायची, पिन बदलायची आणि सारे घर गोळा करायचे. बालगंधर्वांची पदे, अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी, हिराबाई बडोदेकरांचे गाणे माळव्यातल्या कित्येक मराठी घरांनी प्रथम ऐकले ते या तीन मिनिटांच्या मापात.

देवासला या गोष्टीचे महत्त्व अधिक, कारण हे गाव ऐकणाऱ्यांचे तसे गाणाऱ्यांचेही. उस्ताद रजब अली खाँ इथलेच. १९५९ साली ते निवर्तले. त्यांचे जे थोडेफार गायन आज ऐकावयास मिळते, ते उतारवयातले आहे. ऐन बहरातील खाँसाहेब ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच राहिले. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ च्या मे महिन्यात सुरू झाले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे गाठली होती. कुमार गंधर्वांची गोष्ट वेगळी. जानेवारी १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमार हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत इथेच राहिले. आजारापूर्वीचा त्यांचा कोवळा आवाज जुन्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. नंतरचे गाणे दीर्घवादन तबकड्यांवर, आकाशवाणीच्या फितींवर आणि मैफलीत एका कोपऱ्यात स्पूलचे यंत्र लावून बसलेल्या रसिकांच्या घरांत. एकाच गायकाचे दोन कालखंड ऐकण्यास दोन वेगळी यंत्रे लागतात, हे ध्यानात घेतले की जुन्या यंत्रांची खरेदी हा केवळ हौसेचा मामला राहत नाही.

१९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. मानमरातब गेले, उत्पन्ने आटली, मुले नोकरीधंद्यासाठी इंदूर, पुणे, मुंबई येथे पांगली. वाड्यांच्या वाटण्या झाल्या. तरीही फोनो आणि रेडिओ बराच काळ टिकून राहिले. त्यांना खरा धक्का दिला तो १९८० च्या दशकातील स्वस्त कॅसेटने. जी वस्तू संस्थान गेल्यावर विकली गेली नाही, ती कॅसेट आल्यावर वजनावर गेली. माळव्यात भंगाराला 'अटाला' म्हणतात. अटालेवाला रेडिओतून तांबे काढी, लाकडी पेटी सरपणात जाई आणि तबकड्या फुटत. जे वाचे ते इंदूरला आणि तिथून मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पोहोचे. धारच्या वाड्यातील फोनो मुंबईच्या दुकानात दिसतो तेव्हा त्याला गाव उरलेले नसते.

दुसरी वाट सरकारी होती. शासकीय सेवेत असताना ती मी जवळून पाहिली. पंचायतींना दिलेले सार्वजनिक रेडिओ, शाळांतील रेकॉर्ड प्लेअर, माहिती खात्याचे ॲम्प्लिफायर व कर्णे यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात असे. वस्तू निकामी ठरली की अपलेखनाचा प्रस्ताव, समितीची पाहणी आणि मग लिलाव. लिलावात तुटक्या खुर्च्या, सायकली आणि रेडिओ यांचा एकच ढीग असे, एकच बोली लागे. रेडिओत वाजण्याजोगे काही शिल्लक आहे काय, हा प्रश्न विचारणारा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

तेव्हा शोधणाऱ्याने जावे कोठे? धार किंवा देवास येथे अशा मालाची नामांकित पेठ नाही. मोठा व्यवहार इंदूरला होतो. पण इंदूरला जाण्यापूर्वी तीन दारे ठोठवावीत. पहिले, जुन्या दुरुस्ती कारागिरांचे. ज्याने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडले आहेत, त्याला गावात कोणाकडे काय होते हे ठाऊक असते. शिवाय गिऱ्हाईक परत न आल्यामुळे फळीवर राहिलेले संच त्याच्याकडे असतात. दुसरे दार अटालेवाल्याचे. त्याला आगाऊ सांगून ठेवले आणि वजनापेक्षा चार पैसे अधिक देऊ केले, तर तो वस्तू फोडत नाही. तिसरे दार आपल्याच नातेवाइकांचे. वाडा विकला जाण्याच्या आधीचा महिना महत्त्वाचा. नंतर सारे हातचे गेलेले असते.

पारख मात्र हवी. पितळी चकचकीत कर्ण्याचे आणि कुत्र्याचे चित्र चिकटवलेले 'पुरातन' ग्रामोफोन ठिकठिकाणी विकावयास असतात. त्यांतील बहुतेक अलीकडची जुळवाजुळव असते. नव्या लाकडी पेटीत एखाद्या जुन्या पेटी-फोनोचे मोटार व साउंडबॉक्स बसवलेले असतात. म्हणजे दिवाणखान्यातील एका शोभेसाठी एक अस्सल, वाजता फोनो मारला जातो. हे नुकसान फसवणुकीपेक्षा मोठे आहे.

यंत्र घेतल्यावरही काही पथ्ये आहेत. फोनोच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असतो. त्याखाली दीर्घवादन तबकडी ठेवली तर ती एका फेरीत खराब होते. उलट ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला आधुनिक प्लेअरवर वेगळी, जाड टोकाची सुई लागते. पोलादी पिन एका बाजूपुरतीच वापरावी. वर्षानुवर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ एकदम विजेला जोडू नये, त्यातील कंडेन्सर सुकलेले असतात. स्पूलच्या यंत्रात रबरी पट्टे व चाके ताठरलेली नाहीत ना, हे पाहावे. आणि फितीला आंबूस वास येत असेल तर ती घरी न वाजवता जाणत्याकडे न्यावी.

याहून महत्त्वाची गोष्ट यंत्रासोबतच्या पसाऱ्याची. विक्रीत यंत्र एकीकडे जाते, तबकड्या दुसरीकडे, आणि स्पूलची खोकी बिनकामाची म्हणून फेकली जातात. तबकडीच्या शेकडो प्रती निघाल्या; तिची एखादी प्रत कोठेतरी सापडेल. मैफलीची घरगुती फीत मात्र बहुधा एकमेव असते. तिच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख, रागाचे नाव, यजमानाचे आडनाव हा एका संध्याकाळचा एकमेव पुरावा होय. रेडिओसोबतचे परवाना पुस्तकही असेच. पूर्वी रेडिओ बाळगण्यास टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे; त्यावरील शिक्के पाहून त्या घरात रेडिओ कोणत्या साली आला ते कळते.

म्हणून जो कोणी यंत्र विकत घेईल त्याने खोके, फिती, परवाना हे सारे एकत्र मागावे आणि देणाऱ्याचे गाव, यंत्र घरात कधी व कोणी आणले, एवढे चार ओळींत लिहून त्यासोबत ठेवावे. ज्यांना हे सांभाळणे जमणार नाही त्यांच्यासाठी जागा आहेत. इंदूर-महू रस्त्यावर पिगडंबर येथे लता मंगेशकरांच्या नावाचे ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय एका संग्राहकाच्या चिकाटीने उभे राहिले आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने विखुरलेल्या संग्राहकांना एकत्र आणून तबकड्यांच्या अभ्यासाला शिस्त लावली. धार-देवासच्या घरांतील फितींची साधी यादी करण्याचे काम मात्र बाहेरचे कोणी येऊन करणार नाही. ते इथल्या मराठी मंडळांनी हाती घ्यावे. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि ओळखीच्या दहा घरांची दारे एवढे भांडवल पुरेसे आहे.