एकसष्टचं कोडं आणि आपलं पाटण
१,७६,६३,१९,०४९. मी भाषेचा शिक्षक, तरी हा आकडा दरवर्षी फळ्यावर लिहितो. कोडं असं: एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, ६१ ने गुणा, १ मिळवा, उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवा. ६० घेतले तर ४ वरच भागतं, ६२ घेतले तर ८ वर. मधले ६१ मात्र घाम काढतात! शून्य सोडून सर्वांत लहान संख्या निघते २२,६१,५३,९८० आणि येणाऱ्या वर्गाचं मूळ म्हणजे वरचा आकडा.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त चक्रवाल रीतीने हे सोडवलं. त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणचा.

उर्दूवाल्यांचं यात काय, असं एकाने मला हसत विचारलं होतं. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. 'बीजगणित' १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रुश्दीने आणलं. ताजमहालाचे उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा. फ्रान्सच्या फर्माने हेच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकले ते १६५७ मध्ये.

पोरांचा प्रश्न वेगळाच असतो: सर, मोबाईलवर पडताळून बघू? बघा म्हणतो. वर्ग एकोणीस अंकी, साध्या कॅल्क्युलेटरवर पुरता दिसत नाही. मग वह्या निघतात.