सीटखालची टाकी

कार्लेखिंडीच्या चढावर अब्बांची जीप बंद पडली, तेव्हा टाकीत पेट्रोल भरपूर होतं. अलिबागहून पोयनाडकडे निघालो होतो. प्लग पाहिले, कार्बोरेटर ठोकून पाहिला. शेवटी अब्बांनी मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं. फुस्स आवाज करत हवा आत शिरली आणि दोनचार वेळा स्टार्टर मारल्यावर इंजिन पुन्हा सुरू झालं. घरी येईपर्यंत हेच तीनदा करावं लागलं.

आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये ही टाकी ड्रायव्हरच्या सीटखालून काढून मागे चासीवर बसवून घेतली होती. टाकी हलली, पण तिच्या हवेची सोय करायची राहून गेली. त्या दिवशी मला ही मिस्त्रीची हलगर्जी वाटली. पुढे जीपचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की टाकी कुठे असावी हा प्रश्न आमच्या जीपपेक्षा कितीतरी जुना आहे.

1940 च्या जुलैत अमेरिकन सैन्याने 135 कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली. मुदत फारच थोडी होती. बॅंटम या छोट्या कंपनीने सप्टेंबरमध्ये नमुना उभा केला. मग विलिज आणि फोर्ड स्पर्धेत उतरल्या, आणि युद्ध संपेपर्यंत या दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. पुढच्या ते मागच्या चाकापर्यंत अंतर फक्त 80 इंच. मागे माणसं किंवा सामान, पुढे इंजिन. टाकीसाठी उरली ती ड्रायव्हरच्या सीटखालची जागा. ती दोन्ही ॲक्सलच्या मधोमध असल्याने पेट्रोल कमीजास्त झालं तरी गाडीचा तोल फारसा बदलत नसे, आणि इंजिनपर्यंतची नळीही आखूड राहत असे. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने उठायचं, सीटची गादी उचलायची आणि खालचं झाकण उघडायचं. सुमारे 57 लिटर पेट्रोलवर माणूस बसलेला असे. युद्धाच्या हिशेबात तो धोका चालून गेला.

युद्धानंतर विलिजने शेतकऱ्यांसाठी जीप काढली. पेट्रोल भरायचं तोंड बाहेर, बाजूच्या पत्र्यावर आलं; टाकी मात्र सीटखालीच राहिली. हीच जीप मुंबईत आली. 2 ऑक्टोबर 1945 रोजी महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. आद्याक्षरं तीच राहिली. माझगावात विलिजच्या जीपची जुळणी सुरू झाली.

आमच्याकडे ही गोष्ट हमखास निघते, आणि सांगणारा बहुतेक वेळा 'मोहम्मद'पाशी येऊन थांबतो. मला तिचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याच 1948 मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं. कोकणातले बहुसंख्य मुसलमान इथेच राहिले. मासळी, भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडं आणि बाळंतपणाला अडलेल्या बायका त्यांनी याच जीपमधून नेल्या. पाटीवरून एक नाव गेलं, पण ज्यांची नावं कुठल्याच पाटीवर नव्हती ती माणसं स्टिअरिंगवर होती.

या किनाऱ्यावर जीपचा वैरी म्हणजे खारं वारं. सीटखालची टाकी पत्र्याच्या खोबणीत बसते. खोबणीला पाणी जायला भोकं असतात, पण वाळू आणि चिखलाने ती बुजतात. मग पावसाचं पाणी आणि किनाऱ्यावरचा खारटपणा टाकी आणि खोबण यांच्यामध्ये साचून राहतो. टाकी वरून चकचकीत दिसते आणि खालून गंजत असते. आधी सीटपाशी वास येतो, मग ओल दिसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली पसरते, आणि त्या वाफेच्या वरच माणूस बसलेला असतो. म्हणून टाकी मागे न्यायची अब्बांची इच्छा चुकीची नव्हती. अमेरिकेतही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जीपची टाकी सीटखालून निघून मागे गेली.

चूक झाली ती फक्त डबा हलवण्यात. इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा तेवढीच हवा टाकीत यायला हवी. जुन्या झाकणाला त्यासाठी बारीक छिद्र होतं. गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीचं घट्ट झाकण लावलं आणि टाकीवरच्या हवेच्या नळीचं तोंड बंद केलं. आत पोकळी तयार झाली आणि पंप हरला. उन्हात याच्या उलट होतं: वाफ फुगते, वाट शोधते आणि सांध्यातून बाहेर पडते. पेट्रोल भरतानाही आतली हवा बाहेर जायला वाट नसेल, तर पेट्रोल उसळून अंगावर येतं.

त्या नळीचं तोंड टाकीपेक्षा उंच आणि सायलेन्सरपासून लांब हवं. नाहीतर वाळूवर, खाडीच्या पाण्यात जीप उतरली की तिथूनच पाणी आत जाईल. 1950 च्या एम-38 या लष्करी जीपमध्ये यावर उपाय होता: टाकीच्या हवेची नळी वर एअर क्लीनरला जोडलेली होती. चाकं पाण्यात असली तरी टाकी वरची कोरडी हवा घेत असे.

पुढे मुरूडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आमची टाकी पुन्हा खोलली. ब्रॅकेट वेल्डिंग करण्याआधी त्याने ती काठोकाठ पाण्याने भरली. "भरलेल्यापेक्षा रिकामीला जास्त भ्यायचं, बाबा," तो म्हणाला. "रिकामीत वाफ असते." नंतर ती नीट वाळवली, हवेची नळी मागच्या पत्र्याच्या आतून वर नेली आणि तिचं टोक खाली वळवलं. टाकी रबरावर बसवल्यामुळे गेजचा काटा मेला होता. एक अर्थिंगची वायर टाकताच तो हलला. सारं काम अर्ध्या दिवसाचं.

ज्याने पहिल्यांदा टाकी हलवली त्याला ती सीटखाली का होती हे ठाऊक नव्हतं. तिथे असताना तिला काय काय मिळत होतं, हेही त्याने पाहिलं नाही. जुनी व्यवस्था बदलू नये असं माझं म्हणणं नाही; सीटखाली पेट्रोल ठेवणं ही युद्धातली अडचण होती, श्रद्धा नव्हे. पण बदलणाऱ्याने आधी ती नीट वाचायला हवी.

अब्बा नंतरही कितीतरी वर्षं बिस्मिल्लाह म्हणून स्टार्टर मारत आणि त्याआधी सवयीने सीटखाली वाकून वास घेत. तिथे आता फक्त जॅक आणि पान्यांची पिशवी होती.