कुंपणावरची चित्रशाळा

फळ्यावर आंबा काढावा आणि मुलांनीं त्याची हुबेहूब नक्कल उतरवावी, अशी आपल्या शाळांतील चित्रकलेची जुनी रीत. जर्मनीमध्यें फ्रोबेलनें १८३७ सालीं बालकांची शाळा काढली. त्याच्या पद्धतींत लहानग्यांच्या हातीं पाटी आली खरी; परंतु तिच्यावर चौकोन आंखलेले असत, आणि रेघ त्यांना धरूनच जावयाची.

ही आंखणी पुसली ती व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यानें. १८८५ मध्यें कला शिकण्यास तो त्या शहरीं आला व एका सुताराच्या घरीं राहिला. घरांतील मुलें त्याचे रंग घेऊन बसत. समोरच्या लांकडी कुंपणावर गल्लींतील पोरें चित्रें काढीत. शिक्षक नाहीं, नमुना नाहीं, तरी चित्रांत केवढा जिवंतपणा! १८९७ सालीं त्यानें मुलांचा कलावर्ग उघडला. साहित्य आपण द्यावें, कल्पना मुलाची असूं द्यावी, हा त्याचा दंडक. १९२० सालीं लंडनमध्यें त्या चित्रांचें प्रदर्शन भरलें.

पुढें टीकाकार म्हणाले कीं, त्यांतील पुष्कळ चित्रांवर एकाच सजावटी शैलीची छाप आहे. आक्षेप रास्त आहे. शिक्षक मुका राहिला, तरी त्याची पसंती मुलें चेहऱ्यावरून वाचतात. म्हणून नमुना पुसणें ही अर्धीच सुधारणा. आपली आवड आवरणें ही उरलेली अर्धी, आणि तीच अवघड. मुलानें निळा घोडा दाखविला, तर "घोडा निळा असतो काय?" असें न म्हणतां, "हा कोठें निघाला आहे?" असें विचारावें. उत्तर ऐकण्यासारखें असतें.